लांबच्या वाटेवरचा पूल

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या प्रमुख माननीय उनाताई डेव्हिट, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या, परिषदेच्या वारसा अधिकारी डिंपनाबाई लालोर, अभियंता टूहिगसाहेब, आमचे फादर मॅलोन, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले परिषदेचे सदस्य, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले किलब्रॅकनचे माझे गाववाले,

मी मॅलकी डर्कन. माझा धंदा तुम्ही जाणताच. पुढच्या खोलीत पब आणि मागच्या खोलीत शवपेट्या. त्यामुळे या सभागृहात माझं अनोळखी असं गिऱ्हाईक नाही, आणि कुणावर राग धरणंही मला परवडत नाही. म्हणूनच बहुधा भाषणाला माझं नाव सुचवलं गेलं असावं. फिलोमिना, म्हणजे माझी बायको, पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवते आहे. अगं, अजून सुरुवात तरी झालीय का?

डिंपनाबाई आमच्याकडे आल्या त्याला वीसेक वर्षं झाली असतील. त्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, म्हणजे परक्या. आमच्याकडे परकेपणा फार टिकाऊ असतो. माझ्या आजीला लग्नानंतर पन्नास वर्षं गाव ‘ती नदीपलीकडची’ म्हणायचं. तर या परक्या बाईंनी आम्हाला आमचंच गाव दाखवलं. हेरॅटींच्या कुरणात गाई ज्या दगडाला पाठ घासायच्या, त्यावर जुन्या लिपीत कुणा सरदाराचं नाव कोरलंय हे त्यांनीच सांगितलं. लगेच दगडाभोवती कुंपण आलं, पाटी आली. गाई आता फाटकाला घासतात. गाईंचं मत अजून कुणी विचारलेलं नाही.

पण आज मला बोलायचंय ते पुलाविषयी. उनाताई, आपण तेव्हा परिषदेत नव्हता, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ओवेनरू नदीवर आमचे दोन पूल. एक खालचा, नवा, रुंद, सरळ. त्यावरून स्मशानात पाच मिनिटांत पोचता येतं. दुसरा वरचा, दगडी, तीन कमानींचा, मध्ये उंटासारखं पोक आलेला. त्यावरून जायचं तर अर्धं गाव फिरून जावं लागतं. एका पुरात या जुन्या पुलाचा कठडा पडला. टूहिगसाहेब म्हणाले, “इथून कोण जातं? डागडुजीवर खर्च कशाला? पाडून टाकू.” साहेब, मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तुमचं काम तुम्ही केलंत.

साहेबांनी पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी टाकली. वरून चाक गेलं की यंत्रात नोंद व्हायची. आठवडाभरात किती गाड्या जातात ते पाहून निर्णय होणार होता. डिंपनाबाईंनी याच सभागृहात आम्हाला बजावलं होतं, “हे बघा, तुम्ही काही करू नका. पूल जुना आहे, शांत आहे, थोड्या लोकांच्या उपयोगाचा आहे. एवढंच दिसलं तर मी तो वाचवते. कळलं?”

आम्ही माना डोलावल्या आणि घरी जाऊन गाड्या काढल्या.

आता आम्हाला काय वाटलं? जितक्या गाड्या जास्त, तितका पूल महत्त्वाचा. बरोबर की नाही? नॅन हेरॅटी ट्रॅक्टर घेऊन दुधाला पलीकडे गेली, परत येऊन साखरेला गेली, मग काडेपेटीला गेली. मी रिकामी शववाहिका घेऊन फेऱ्या मारल्या, त्यामुळे पलीकडच्या गावात साथ आल्याची अफवा उठली. आणि फादर, क्षमा करा, पण पलीकडच्या एकाच आजाऱ्याला मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आपण त्या आठवड्यात इतक्या वेळा गेलात, की शेवटी तोच म्हणाला, “फादर, माझं नक्की काय ते एकदा सांगून टाका.”

फादर हसताहेत. तो माणूस आजही ठणठणीत आहे, मागे उभा आहे. हात कर रे, कोलम!

आठवडा संपला. टूहिगसाहेबांनी आकडे पाहिले. डब्लिनच्या मोठ्या पुलावरून जातील एवढ्या गाड्या आमच्या पोक आलेल्या पुलावरून गेल्या होत्या. साहेबांनी अहवाल दिला. काय दिला असेल? ‘एवढी प्रचंड वाहतूक या अरुंद पुलाला झेपणार नाही. धोका आहे. तातडीनं पाडावा आणि त्या जागी काँक्रीटचा दुपदरी पूल बांधावा.’

डिंपनाबाई माझ्या पबमध्ये आल्या. गिऱ्हाइकांनी ग्लास खाली ठेवले.

“कोण गेलं होतं काडेपेटीला?” बाईंनी विचारलं.

“मी,” नॅन म्हणाली. “चूल पेटवायची होती.”

“तुमच्याकडे विजेची शेगडी आहे, नॅन!”

“मग? वीज कधीही जाते.”

बाई बसल्या. मी न मागता चहा दिला. मग त्यांनी शेवटचा मार्ग सांगितला. परिषदेच्या बैठकीआधीच्या शनिवारी, सकाळी अकराला, टूहिगसाहेब आणि परिषदेचे सगळे सदस्य स्वतः पुलावर येऊन उभे राहणार होते. आपल्या डोळ्यांनी पाहणार होते. “त्या वेळी पुलावर एक चाक दिसता कामा नये,” बाई म्हणाल्या. “एकसुद्धा. आकडे खोटे होते हे त्यांना दिसलं तरच पूल वाचेल. पुन्हा गर्दी दिसली तर मला काही करता येणार नाही.”

या वेळी आम्ही मनापासून कबूल झालो. नॅननं ट्रॅक्टरची किल्ली फादरांकडे दिली.

आणि गुरुवारी बार्टली कीव्हनी गेला.

बार्टली कोण ते इथे सांगायला नको. पण पाहुण्यांसाठी सांगतो, जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात त्याचा एक चुलतभाऊ होता आणि प्रत्येक जत्रेत एक दोस्त. अंत्ययात्रा ठरली शनिवारी, चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर. म्हणजे अकराला वरच्या पुलावर.

डिंपनाबाई माझ्या मागच्या खोलीत आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “मॅलकी, या एका वेळेला खालच्या पुलानं नाही का नेता येणार?”

मी हातातला रंधा ठेवला. “बाई, जवळच्या वाटेनं? माणसाला मातीत घालायची घाई झाल्यासारखं? आमच्याकडे मेलेल्याला लांबच्या वाटेनंच नेतात. माझ्या बापानं नेलं, त्याच्या बापानं नेलं.”

“पूल जाईल, मॅलकी.”

“जाऊ दे म्हणत नाही मी. पण बार्टलीच्या बायकोला तुम्हीच विचारा.”

बाईंनी खरंच विचारलं. मी सोबत होतो. डेलिया कीव्हनी स्वयंपाकघरात सँडविचं कापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, चाळीस वर्षं हा माणूस कधी जवळच्या वाटेनं घरी आला नाही. कायम डर्कनच्या पबवरून. आता शेवटचं एकदा लांबून जायचा त्याला अधिकार आहे, तोही तुम्ही काढून घेणार?”

त्या पुलासाठी डिंपनाबाईंनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. मग त्यांनी चाकू उचलला, डेलियाच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि सँडविचं कापू लागल्या. म्हणाल्या, “जाईल तो वरच्याच पुलानं.”

शनिवारी अकराला टूहिगसाहेब पिवळं जाकीट आणि हेल्मेट घालून पुलावर हजर. एकटेच. सदस्य कुठे होते? सगळे अंत्ययात्रेत! जूनमध्ये निवडणूक होती. बार्टलीच्या अंत्ययात्रेला न जाणाऱ्या उमेदवाराला या जिल्ह्यात स्वतःच्या घरचंही मत मिळालं नसतं.

साहेबांनी पाहिलं. आधी माझी शववाहिका, मागे चालणारी माणसं, त्यामागे गाड्या, गाड्या आणि गाड्या. टेकडीपर्यंत रांग. बाई माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण साहेबही याच मातीतले. समोरून अंत्ययात्रा आली की आपलं काम सोडून चार पावलं सोबत चालायचं, हे त्यांना आईनं शिकवलेलं. त्यांनी हेल्मेट काढलं, वळले आणि चालू लागले. फक्त जागा चुकली. ते थेट शववाहिकेच्या मागे, घरच्यांच्या ओळीत शिरले. तिथून बाहेर पडायचं कसं? पुढे शववाहिका, मागे गर्दी, आणि पूल एका गाडीएवढाच रुंद. मग स्मशानाच्या फाटकाशी रिवाजाप्रमाणे घरच्यांशी हस्तांदोलन सुरू झालं. सगळा जिल्हा रांगेनं आला आणि साहेबांचा हात दाबून गेला. “वाईट झालं हो, साहेब.” “फार चांगला माणूस होता.” “तुम्ही थोरल्या बहिणीकडचे का?” सदस्यांनीसुद्धा सांत्वन केलं. साहेब शेवटी म्हणू लागले, “हो, अचानकच झालं.”

टूहिगसाहेब लाल झालेत. साहेब, टाळ्या तुमच्यासाठी आहेत.

मंगळवारी बैठक भरली. आम्ही सगळे मागे बसलो होतो. डिंपनाबाई उठल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “टूहिगसाहेब, शनिवारी आपण अकराला पुलावर होता. वाहतूक किती होती?”

साहेबांनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाले, “वाहतूक नव्हती.”

“एकही गाडी नाही?”

“बाई, ती अंत्ययात्रा होती. अंत्ययात्रेला मी वाहतूक म्हणत नाही.”

मग बाई सदस्यांकडे वळल्या. “तर मतदारांच्या आईवडिलांना यापुढे जवळच्या वाटेनं न्यावं, असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करावा.”

परिषदेच्या इतिहासात हात इतके खाली कधी गेले नव्हते. काही जण तर हातांवर बसले. कठडा त्याच उन्हाळ्यात बांधून झाला.

आता बाई निवृत्त होताहेत. निरोपाला काय द्यावं यावर समितीत तीन बैठका झाल्या. घड्याळ, छत्री, चहाचा संच, सगळं सुचवून झालं. शेवटी डेलिया कीव्हनी म्हणाली, “परक्या माणसाला आपण जे कधीच देत नाही ते देऊ.” तेव्हा बाई, किलब्रॅकनच्या स्मशानात, बार्टलीच्या रांगेत, भिंतीलगत उन्हात, एक जागा आजपासून तुमच्या नावावर आहे. घाई अजिबात नाही! पण वेळ येईल तेव्हा तुम्हाला वरच्या पुलानं नेऊ. मी नसलो तर माझा मुलगा नेईल, पण लांबून नेईल.

बाई काहीतरी म्हणताहेत... काय? “पूल तोवर टिकेल ना?” साहेब, उत्तर तुम्ही द्या.

ऐकलंत? साहेब म्हणतात, “पुलाचं मी बघतो, बाई. तुम्ही टिका.”

यापुढे मी बोलणं बरं नव्हे. अध्यक्षांनी वेळ दिला, गाववाल्यांनी मधेमधे टोकूनही ऐकून घेतलं, सर्वांचा मी आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल किंवा कुणाचं नको तेवढं घेतलं गेलं असेल, तर मोठ्या मनानं विसरून जा. फिलोमिना, झालं बघ.