दांडी पक्की करा, मिस्त्री

नाही हो मिस्त्री, स्क्रू आखूड होते हे कबूल — पण तेवढ्यानं काय कपाटातली दांडी खाली येते? बसा ना, त्या पलंगावरच बसा, गाडीत दुसरी जागा कुठली, आमचा दिवाणखाना तोच आणि झोपायची खोलीही तीच. हे सगळं माझ्या हातचं आहे बरं का. जुनी मिनीबस होती ही, बावीस सीटची. चौतीस वर्षं बस चालवली मी, आणि निवृत्त झालो तेव्हा आमच्या हिला म्हटलं, घर देऊ भाड्यानं, आपण दोघं गाडीतच राहू, मनात येईल तिकडे जाऊ. सीटा काढल्या, पलंग केला, ओटा केला, हे कपडे टांगायचं कपाट केलं. सुतारकामाचा गंध नव्हता, ते दिसतंयच तुम्हाला — हसा, हसा. ड्रायव्हरनं केलेलं कपाट आहे, दुसरं काय होणार.

भिंत म्हणजे तरी काय, पाव इंच प्लाय, मागं थर्माकोल, त्यामागं बाहेरचा पत्रा. लांब स्क्रू मारला तर पत्र्यातून नाक बाहेर काढेल आणि पावसाचं पाणी आत, म्हणून आखूड मारले. पण तुमचं पटलं मला — भिंतीवर भार टाकायचाच नाही. दोन्ही टोकांना लाकडी पट्टी, थेट खाली जमिनीपर्यंत, आणि दांडी त्या पट्ट्यांच्या डोक्यावर. वजन सगळं जमिनीवर. करा, तसंच करा. मध्ये छतापासून एक आधारही द्या. आणि नटबोल्टच वापरा, स्क्रू नको. वेळ लागला तरी चालेल — लागू दे वेळ. घाई नाही आपल्याला. म्हणजे, हिला आहे. ही उद्या सकाळी निघायचं म्हणते. लेक येणार आहे ना आज दुपारी, नातीला आठ दिवस आमच्याकडे सोडायला; ही त्यांना आणायलाच गेलीय. पाच वर्षांची आहे. काडीसारखी दिसते आणि आम्ही म्हणतो ढमी. तिला घाटातून वर तळ्यावर न्यायचं, हे हिनं महिनाभर आधी कबूल करून ठेवलंय. ढमी इथंच झोपणार, तुम्ही बसलाय तिथंच, या कपाटाच्या पायथ्याशी.

कशानं पडली म्हणता? कपड्यांच्या वजनानं. हिचे कोट, स्वेटर, शाली — एकदा हँगरला लावलं की काढायचं नाव नाही.

काय? … हं. वजनानं पडली असती तर सरळ खाली आली असती. आणि ही पुढच्या बाजूला उपसून आली, बरोबर प्लायचा तुकडा घेऊन. चांगलं बघता हो तुम्ही. आता तुमच्यापासून काय लपवायचं — ही लोंबकळली तिला. चालत्या गाडीत उठून इथं कपाटाशी उभी होती आणि मी ब्रेक मारला. कुत्रं आडवं आलं. तोल गेला तिचा, हाताला दांडी लागली, ती दांडीसकट खाली. खांदा अजून काळानिळा आहे. आणि बाईमाणूस बघा कसं — तिला वाटतंय, आपल्याच वजनानं मोडलं. दोन कोट देऊन टाकले परवा कुणाला तरी. रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलंय. मी वर चेष्टा केली, म्हटलं, बरं झालं, दांडी मोडली म्हणून तरी अक्कल आली. ती हसली. मीही हसलो. माणसानं किती निर्लज्ज असावं.

नाही, ते कुत्र्याचं — तुम्ही मान खाली घालून भोक पाडताय, तोंडावर काही दिसत नाही तुमच्या, म्हणून बोलता येतंय मला. कुत्रं नव्हतं. कुत्रं नव्हतं मिस्त्री. रस्ता रिकामा होता. म्हणजे रिकामाही नव्हता, पुढं दुधाचा टँकर होता, शंभर पावलांवर असेल. मला एकदम थंडी वाजायला लागली, कपाळावर घाम, भर उन्हात. मी म्हटलं, अगं, माझा स्वेटर दे. मी सांगितलं म्हणून उठली ती, नाहीतर चालत्या गाडीत जागचं हलायचं नाही हा माझाच नियम. ती उठली, कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. त्यापुढचं नाही. तिच्या ओरडण्यानं डोळे उघडले तेव्हा डावी चाकं खडीत होती आणि टँकर नव्हता. दूरवर नव्हता, वळणावर नव्हता, कुठंच नव्हता. एवढा मोठा टँकर दिसेनासा व्हायला किती वेळ लागतो सांगा. तेवढा वेळ मी कुठं होतो? गाडी कोण चालवत होतं? पाय कधी ब्रेकवर गेला मला ठाऊक नाही. ही खाली पडलेली, कपड्यांच्या ढिगात, आणि तिथून मलाच विचारते — अहो, तुम्हाला लागलं नाही ना? आणि मी म्हटलं, कुत्रं होतं. इतकं पटकन आलं तोंडातून, जसं काही पाठच केलं होतं.

डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार? करता काय, गाडी चालवता का. मग? घर भाड्यानं दिलंय, हीच गाडी, हेच घर. आणि मला तर उत्तरही माहीत आहे. आमच्या डेपोत एकाला असंच झालं होतं, स्टिअरिंगवर पाच सेकंद मान पडली. फार लपवायला बघत होता बिचारा, पाया पडला माझ्या. त्याला साहेबांसमोर उभं करणारा मी. मी सांगितलं होतं त्याला, बाबा रे, तुझ्या मागं चाळीस जीव बसलेले असतात. केवढा ताठ उभा होतो मी तेव्हा.

चार दिवस गाडी या मैदानातून हलवली नाही. हिनं विचारलं की म्हणतो, दांडी झाल्याशिवाय निघायचं नाही, घाटात सगळं अंगावर येईल. तिला पटतं. माझं सगळं पटतं तिला, तीच तर भीती आहे. तुम्ही एकेक बोल्ट आवळताय ना, तशी निघायची वेळ जवळ येतेय. सकाळी दाढी करताना दोनदा कापलं. झोप लागत नाही, आणि लागली की दचकून उठतो — हे झोप म्हणून मिटलेत डोळे, की तसे मिटलेत? मी इथं पलंगावर आहे की तिथं पुढं? चाचपून बघतो, हिचा हात लागला की कळतं. तिच्या लक्षात आलंय काहीतरी. काल म्हणाली, तुम्ही हल्ली फार प्रेमानं वागताय, काय झालंय. तोंडापाशी आलं होतं. गिळलं.

झालं? एवढ्यात? जरा ओढून बघा. नाही, तसं नाही, दोन्ही हातांनी, पाय उचलून लोंबकळा — हो, तुम्ही, तुमचं वजन हिच्यापेक्षा जास्तच आहे. … हललीसुद्धा नाही. वा. काम पक्कं केलंत. मिस्त्री, एक ऐकाल? ही आली की तिला सांगा, अजून नाही झालं. लाकूड बसायला दोन दिवस लागतात म्हणा. तुम्ही सुतार, तुमच्या शब्दावर कोण शंका घेईल.

का नाही? … बरं. नका सांगू. खरंय, तुम्ही का म्हणून. दोन दिवसांनी तरी मी काय नवीन सांगणार होतो.

थांबा, त्या आल्या बघा, खिडकीतून दिसतायत. लेक आणि ही. ढमी पुढं पळत येतेय. ऐकलंत, काय ओरडतेय? आजोबा, मी पुढं बसणार, तुमच्या शेजारी.

इकडे या मिस्त्री, लवकर. ही धरा. गाडीची किल्ली आहे, दुसरी नाही, ही एकच. खिशात टाका. परत माझ्या हातात द्यायची नाही, मी मागितली तरी, रडलो तरी. जावई येईल संध्याकाळी, तुमच्याकडे पाठवतो, त्याला द्या. आता किल्ली कुठंय म्हणून ही विचारेल, तुम्हाला का दिली म्हणून विचारेल, आणि मग मला सांगावंच लागेल. नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही, मी ओळखतो मला. हत्यारं राहू द्या इथंच, उद्या घेऊन जा. निघा तुम्ही, मागच्या दारानं निघा, ती पायरी चढतेय.