‘मी’ म्हणणारे शमुवेलकाका

पाळकसाहेब, मंडळीतले सगळे, आमच्या चारकोपहून आलेले शेजारी.

बोलायला तुम्ही चुकीच्या माणसाला उभं केलंय. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला पोरगा. मला माइकसमोर बोलायची सवय नाही, भांडायची आहे. मी तुमच्या धर्मातलाही नाही, आमच्या घरी बुद्धवंदना होते. आणि खरं सांगायचं तर शमुवेलकाकांशी मी शेवटचे चार महिने एक शब्द बोललो नाही. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तरी नाही बोललो.

म्हणूनच आज बोलायचं आहे.

काका कोर्टात दुभाषे होते. सोलापूरचे, त्यामुळे मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही घरच्याच. दिंडोशीच्या कोर्टातून बोलावणं आलं की इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. एकदा मी पण गेलो, घरी बसून कंटाळलो होतो म्हणून. मारामारीची केस होती. पिंजऱ्यात एक तेलुगू गवंडी उभा होता. तो खाली बघून काहीतरी पुटपुटला आणि काका जजसाहेबांना मोठ्याने म्हणाले, "मी त्याला मारलं. मी रागात होतो."

मी उडालोच. बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, 'तो म्हणतो, त्याने मारलं' असं सांगा ना. तुम्ही कुठे मारलं?"

"तसं नाही चालत रे. दुभाष्याने 'मी'च म्हणायचं. वकील 'माझे अशील' म्हणतो आणि बाजूला राहतो. मला बाजूला राहता येत नाही."

"आणि चुकून तुम्हालाच आत टाकलं तर?"

काका हसले. "एकाला टाकलं होतं ना."

मला जरा वेळ लागला. ते येशूबद्दल बोलत होते.

मग आमचं जुंपलं. मी म्हटलं, आमच्यात कुणी कुणाला तारत नाही, आपल्या पायांनी आपण चालायचं. तुमचा तारणारा म्हणजे काय, वशिला झाला. काका चिडले नाहीत. म्हणाले, "वशिलेवाला साहेबाच्या केबिनमध्ये बसतो. हा खाली आला आणि आपल्या पिंजऱ्यात उभा राहिला."

मी विचारलं, मग तो देव की माणूस? एक काय ते सांगा.

"दुभाष्याला एक भाषा अर्धवट आली तर काय होतं? माणसाची वाट लागते. तो अर्धा देव, अर्धा माणूस नाही. पुरता देव, पुरता माणूस. म्हणून दोन्हीकडचं त्याला कळतं."

पाळकसाहेब, हे बरोबर आहे का ते तुम्ही ठरवा. मला काकांनी असं सांगितलं.

आणखी एक सांगितलं होतं. कोर्टात जज बघतात आरोपीकडे, आरोपी बघतो जजकडे. मधल्या माणसाकडे कुणी बघत नाही. जेवायच्या सुट्टीतही त्याच्याशी कुणी बोलत नाही, कारण तो कुणाच्याच बाजूचा नसतो. काका म्हणाले, क्रुसावर तसंच झालं. खाली माणसं हसत होती, वर देवबाप गप्प होता. "इतका एकटा कुणी झाला नसेल रे. पण तो मधून हलला नाही."

मी तेव्हा "हो हो" म्हटलं. मला कुठे माहीत होतं, एकटं म्हणजे काय ते.

आता माझं सांगतो. तुमच्याच मंडळीतली एक मुलगी. नाव घेणार नाही. ती आज आलेली नाही. दारातून आत येताना मी आधी तेच बघितलं, काकांच्या फोटोकडे नंतर. असा आहे मी. तिने मला नाही म्हटलं होतं, नीट, शांतपणे. आणि मी भर दुपारी तिच्या सोसायटीत जाऊन तमाशा केला. तिच्या पप्पांची स्कूटर पाडली. आरसा फोडला. सगळ्या बिल्डिंगसमोर तिला जे बोललो, ते कुणी बोलू नये.

दुसऱ्या दिवशी पोलीस तक्रार लिहायला सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. मी घरात लपलो होतो. काका न सांगता तिथे गेले आणि म्हणाले, "मी तुमच्या मुलीला वाईट बोललो. मी गाडी पाडली. माझं चुकलं. मला माफ करा."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो काका, तुम्ही काल कुठे होता इथे?"

"काल नव्हतो. आज आहे."

तिच्या पप्पांनी कागद बाजूला ठेवला. तक्रार झाली नाही.

मला कळलं तसा मी काकांच्या दारात उभा राहून ओरडलो. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझी इज्जत घालवलीत. मी चुकलोच नव्हतो. मी प्रेम केलं होतं.

काका एवढंच म्हणाले, "माफी मिळालीय. तू फक्त ती नाकारू नकोस."

मी नाकारली. चार महिने. कानात इअरफोन घालून त्यांच्या दारावरून जायचो, गाणं लावलेलं नसायचं. आतून ते हाक मारायचे, "आहेस का रे?" मी ऐकायचो आणि पुढे जायचो. मित्रांना माझं ऐकून कंटाळा आला होता, घरात कुणी विचारत नव्हतं. अख्ख्या चारकोपमध्ये मला हाक मारणारा एकच माणूस होता आणि त्याला मी उत्तर देत नव्हतो.

गेल्या मंगळवारी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

तिसऱ्या रांगेत तिचे पप्पा बसलेत. अंकल, उठू नका. मी परत माफी मागत नाही. ती काकांनी मागितली आणि तुम्ही दिलीत, त्यावर मी आणखी काय चढवू? फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी ऑफिसात काका ज्याला 'मी' म्हणाले, तो मी आहे. मला मान्य आहे. तुमच्या मुलीच्या वाटेला मी परत जाणार नाही.

मी ख्रिस्ती होणार नाही, काकांनी कधी 'हो' असं म्हटलंही नाही. पण तुम्ही ज्याला तारणारा म्हणता, तो काय करतो ते मी शेजारच्या घरात बघितलंय.

काका, आहे मी. ऐकतोय.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या. मला यापुढे बोलता येणार नाही.