उसनं वाक्य

दातांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत पेपर वाचून काढायचा, असं आजोबांनी ठरवलं होतं. पण शेजारच्या बाकावरचं जोडपं वाचू देईल तर ना!

“परिषदेला जाऊ नकोस म्हणालो, त्यात एवढं काय?”

“तेवढंच नाही म्हणालास. ‘बाईच्या जातीला आठवडाभर घराबाहेर राहणं शोभत नाही’ म्हणालास. हे वाक्य तुझं नाही!”

“अगं, माझ्याच तोंडून आलं ना?”

“आलं. पण ‘बाईची जात’ हे शब्द तू जन्मात कधी वापरलेस? बोलताना चालसुद्धा बदलली, पाठ केल्यासारखी. ते वाक्य काढून टाकलं, तर तुझं मागचं-पुढचं बोलणं नीट जुळतं. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या पत्रांत त्यांच्याही आधीच्या प्रार्थना दडल्यात, त्या आम्ही अश्शाच हुडकतो. त्यावरच तर निबंध वाचायचाय मला तिथे!”

“म्हणजे आता मी तुझा अभ्यासाचा विषय?”

“त्या पत्र लिहिणाऱ्यानं निदान सांगितलं तरी, ‘मला जे मिळालं, तेच तुम्हाला देतोय.’ तू चक्क स्वतःच्या नावावर खपवतोस!”

“हे बघ, आईला उगाच मध्ये आणू नकोस.”

आजोबांनी पेपर मांडीवर ठेवला.

“मी आईंचं नाव घेतलं?”