गेटपासावरची माझी सही

मंडळी, पहिली पाळी सुटल्यावर घरी न जाता तुम्ही सगळे या कॅन्टीनमध्ये थांबलात. दुसऱ्या पाळीतलेही मशिनं बंद ठेवून आलेत. शांतावहिनी पुढच्या बाकावर बसल्यात. त्यांच्यासमोर मला बोलता येईल का, मलाच माहीत नाही. मी टूलरूमचा फोरमन, माणसांवर ओरडण्यात हयात गेली.

धोंडिराम गेला. आठ दिवस झाले, तरी सकाळी मी त्याच्या कामाच्या टेबलावरच्या व्हाइसपाशी जाऊन उभा राहतो आणि त्याला हाक मारतो. धडधाकट माणूस. सोमवारी परगावी कामाला गेला, शुक्रवारी यायचा होता. कसं झालं हे? मला अजून कळत नाही. कसं झालं?

काल वहिनींनी मला एकच विचारलं. म्हणाल्या, "भाऊजी, यांनी काय केलं होतं?" कारण चाळीत कुजबुज आहे. विमानतळावर धोंडिरामजवळ सुरा सापडला म्हणे. पोलिसांनी धरला म्हणे. वहिनी, काल मी मान खाली घातली. आज सगळ्यांसमोर उत्तर देतो.

सुरा नव्हता. तिकोनी स्क्रेपर होता. टूलरूमवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. डायवरचा, म्हणजे साच्यावरचा, कागदाहून पातळ उंचवटा खरवडून काढायचं ते अवजार. कंपनीची जुनी कानस घासून धोंडिरामनं स्वतः केलेला. वीतभर लांब, तीन धारा, पुढं टोक. अनोळखी माणूस त्याला खंजीरच म्हणेल.

दक्षिणेत एका कारखान्यात आपला डाय अडला, म्हणून त्याला पाठवला. जाताना रेल्वेनं गेला. इथलं काम खोळंबलं होतं, म्हणून येतानाचं विमानाचं तिकीट साहेबांनी हातात दिलं. आपल्या टूलरूमचा विमानात बसणारा पहिला माणूस! किती चेष्टा केली आपण त्याची. "धोंडिबा, तंबाखू थुंकायला खिडकी उघडू नको रे." तो नुसता लाजायचा.

निघताना मला म्हणाला, "फोरमन, येताना स्क्रेपर पेटीत टाकू का?" आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, "पेटीत नको. आपटून धार जाईल. हातातल्या पिशवीत ठेव." मी तरी कधी विमान आतून पाहिलंय? एसटीच्या टपावर पेट्यांची जी गत होते, तीच तिथं होत असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "पन कुनी अडिवलं तर?" मी म्हणालो, "अडवील कसा? गेटपास आहे ना!"

हसा, हसा. तोही हसला असता. आपली सगळी उमर एकाच गेटातून आतबाहेर करण्यात गेली. पास असला की वस्तू सुटते, एवढंच आपल्याला ठाऊक. मीच पासाचा तो गुलाबी कागद भरला. तिकोनी स्क्रेपर, नग एक. खाली शिक्का, 'परत आणणे आहे'. त्याच्याखाली माझी सही.

त्याच्या सामानाबरोबर एक चिठ्ठी आलीय. तिथं दुसऱ्या विमानाची वाट बघत बसलेल्या एका शिक्षिकाबाईंनी लिहिलेली. त्या लिहितात, तपासणीत स्क्रेपर निघाला आणि तो काढून घेतला. मंडळी, बरोबर केलं. हल्ली विमानं पळवून नेतात. आत एवढे जीव असतात. तपासलंच पाहिजे, काढून घेतलंच पाहिजे. अधिकारी त्याला म्हणाला, हे इथं टाक आणि जा. विमान समोर उभं होतं. पण धोंडिराम तो गुलाबी कागद पुढं करत राहिला. "साब, वापस देना है. फोरमन का सही है."

आधी त्यांना तो वेडा वाटला. मग संशय आला. मग सगळ्या लोकांसमोर सदरा उतरवायला लावला. बनियनवर भिंतीपाशी उभा केला. विमान गेलं. तो उभाच. पाणी मागितलं, तर म्हणे आधी चौकशी. बसू का म्हणाला, तर म्हणे आधी चौकशी. बाई लिहितात, शेजारी चार खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन तासांनी तो भिंत धरून खाली सरकला, तो उठलाच नाही.

साळुंकेमामा, तुम्ही मागं दाराशी उभे आहात. रोज पाळी सुटली की गेटवर तुम्ही आमची झडती घेता. मीही हात वर करतो. धोंडिराम वीस वर्षं करत होता. झडतीनं त्याचा जीव गेला नसता. मागं त्याच्या डब्याच्या पिशवीत पितळेचा बुश, कंपनीचा सुटा भाग, चुकून राहिला, तेव्हा तुम्ही रिपोर्ट केलात. मामा, तुम्ही नियम सोडला नाहीत. पण आधी त्याला स्वतःच्या स्टुलावर बसवलंत, आणि म्हणालात, "घाम पूस आधी." खुर्ची द्यायला, घोटभर पाणी द्यायला कुठल्या नियमाची आडकाठी होती? कुणी सांगेल का मला?

विमानतळावरचे त्यांचा नियम पाळत होते. धोंडिराम माझा पाळत होता. वहिनी, तुम्ही विचारलंत, यांनी काय केलं होतं. काही केलं नव्हतं हो. माझी सही खोटी पडू दिली नाही, एवढंच केलं. माझ्या एका सहीसाठी माणूस गेला. मला माफ करा असं म्हणायचंही धाडस होत नाही.

त्याच्या सामानातून स्क्रेपरही परत आलाय. काल मी स्टोअरमध्ये जाऊन तो पास बंद केला. 'मिळाला' असं लिहिलं. धार तशीच आहे.

आता दोन मिनिटं शांत राहू या. अं हं, उठू नका. रीत उभं राहायची आहे, मला माहीत आहे. आज कुणी उभं राहू नका. साळुंकेमामांना बाकावर जागा द्या. मामा, तुम्हीही बसा.

तो फार वेळ उभा होता.