कुपीत खोचलेली उदबत्ती

हसायचं तर हसा, पण लोकांच्या निष्काळजीपणावर आयुष्यभर बातम्या लिहिलेल्या माणसाला हे सांगताना मान वर करवत नाही.

वाशीजवळच्या गावात माझ्या काकांकडं रानडुकरं हाकायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे. यंदा खंडेनवमीला ती पाटावर मांडली होती आणि शेजारी बंदुकीच्या दारूची पितळी कुपी. कुपीच्या झाकणाची स्प्रिंग गेलेली, त्यामुळं तोंड उघडंच. काकांनी त्यातच पेटती उदबत्ती खोचली आणि आम्ही एकामागून एक आरत्या सुरू केल्या.

पाचवी आरती संपताना काकू म्हणाल्या, "अवो, कुपी भरलेली हाय."

"कालच रिकामी केली की म्या," काका म्हणाले.

"व्हय, पर तुमी दारू वाटीत उघडी ठिवली. लेकरं हात घालतील म्हणून म्या परत भरली."

उदबत्ती जळत पार खाली आली होती. मी कलशावरचा नारळ भिरकावला आणि सगळं पाणी कुपीवर उपडं केलं. पाटावरून काळं पाणी वाहू लागलं.

मग माझा तोल गेला. "काका, घर उडालं असतं! झाकण मिटत नाही ती कुपी ठेवताच कशाला?"

"चुकलं बाबा," काका म्हणाले. "पर झाकण मिटत न्हाय, हे तुला कवा दिसलं?"

"मगाशी. तुम्ही उदबत्ती खोचली तेव्हा."

सगळं घर माझ्याकडं बघू लागलं. काकांनी विचारलं,

"मग इतका वेळ टाळ्या कशापायी वाजवत हुतास?"