त्रिभुज म्हणजे आपलं गाव न्हवं

हॅलो?… हॅलो… हां, तारावैनी, मीच. तनुजाच. बोला… न्हाई हो, झोपले न्हवते. कुठली झोप! सकाळी भूकंपाचा धक्का बसल्यापासून फोन खाली ठेवला न्हाई मी, तुमचाच तेवढा लागंना… हाव, नांदेडलाच हाय, खोलीवर… इथंबी जाणवलं. रॅकमधल्या ताटल्या वाजल्या अन् थांबल्या, तेवढंच. तिकडं कुणाला लागलं-बिगलं न्हाई ना?… सुटले.

काय?… माय कुठं हाय म्हणता?… खळ्यात? वैनी, डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले न्हाईत तिच्या! डॉक्टरनं बजावलंय, धूळ नको, ऊन नको, अन् तुम्ही तिला खळ्यात… मागं आवाज कशाचा हा?… मशीन? सोयाबीन काढायलेत? अहो, मग तो सगळा भुसा तिच्या डोळ्यात!

बरं, बरं. तुम्ही न्हाई नेलं, तीच गेली. ठावं हाय मला ती कशी हाय… हरिओमदादाचं तरी ऐकते का?… तोबी खळ्यात? घ्या! तुमचा नवरा, भाऊ माझा, मायला आत न्यायचं सोडून तिच्याजवळच जाऊन बसला… सगळं गाव? शाळाबी सोडली?…

कोण म्हणलं?… मी? मी म्हणले गाव खचायलंय?

वैनी… वैनी, ऐका. ऐका तर. रविवारी मी लातूरच्या कॉलेजात बोलले, खरंय. जमीन खचायलीय म्हणले, तेबी खरंय. पण आपली औशाकडची न्हाई हो! त्रिभुज प्रदेशातली म्हणले… हाव, त्रिभुज… अहो, त्रिभुज म्हणजे शिवणी, हाळी अन् आपलं गाव न्हवं!… कुणी काढला त्रिकोण?… बसलिंगप्पा गुरुजींनी? नकाशावर? पट्टी लावून?… अन् ग्रुपवर टाकला. आरं देवा! रिटायर झाले तरी फळा सुटंना त्यांचा.

त्रिभुज म्हणजे… थांबा. सकाळपासून वीस जणांना धक्क्याचं सांगितलंय, त्रिभुजाचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. ही नांदेडची गोदावरी असते का, ती जाते पार आंध्रात. समुद्राला मिळायच्या आधी तिला फाटे फुटतात, गाळ पडतो. त्या गाळाच्या जमिनीला म्हणतात त्रिभुज प्रदेश. पुराच्या भीतीनं तिथं नदीला दोन्ही अंगानं बांध घातलेत. पूर शेतात येत न्हाई, मग नवा गाळबी येत न्हाई, अन् जुना आपल्याच भारानं दबत चाललाय. दर साली नखाएवढा. असल्या ओल्या, भुसभुशीत जमिनीला भूकंपानं हिसका दिला तर काय होईल, ते मी बघते. उपग्रहाच्या फोटोवरून. इथं खुर्चीत बसून… न्हाई, आपल्याकडं खाली खडक हाय… मी डेल्टाच म्हणणार होते वैनी! पण ते संयोजक म्हणले, मॅडम, शुद्ध मराठीत बोला. बोलले शुद्ध. आता भोगते.

भिंतीला भेग?… ती दर साली पडते हो. काळी माती ती, भिजली की फुगते, वाळली की आकसते. तुमच्या लग्नात त्याच भेगेवर तोरण टांगलं होतं आपण. बेजार झाले बघा मी… न्हाई, तुमच्यावर न्हाई. द्या, मायकडं फोन द्या.

माय?… माय, आत जा ना गं… हाव, मीच म्हणले होते. पण ते दुसरीकडचं… दुसरीकडचं गं, लई लांबचं… हाव, तुझा इश्वास हाय माझ्यावर, म्हणूनच तर… काय?

भूकंप परत येईल का न्हाई?

माय… ते कुणालाच सांगता येत न्हाई… मलाबी न्हाई… अगं, एवढं शिकूनबी न्हाई!… लपवत न्हाई. इमानानं सांगते, काय लपवत न्हाई… शप्पथ कशाला घालतेस? येणार न्हाई, असं कोणत्या तोंडानं म्हणू मी? म्हणले अन् आला तर?

…हाव.

हाव, त्र्याण्णवच्या भूकंपाचं ठावं हाय. तूच सांगितलंय. मी तीन वर्षांची, किरकिर लावली, म्हणून तू मला घेऊन अंगणात येऊन पडलीस. अन् आजी-आजोबा आत… हाव माय. हाव… रडू नको. डोळा चोळू नको! वैनी, तिला डोळा चोळू देऊ नका!

मी?… तिसऱ्या मजल्यावर. का गं?… अगं, माझं काय त्यात! ऑपरेशन तुझं झालंय, भुशात तू बसलीस… म्हणजे?… मी छपराखाली असले तर तू जाणार न्हाई?… सकाळपासून त्यापायी बसलीस? मग मघाशी बोलायचं न्हाई का!… माझ्या कामाच्या आड कशाला यावं म्हणून. वा गं माय.

…बरं. उतरते… हाव, आत्ता. फोन चालूच ठेवते… कुलूप लावायले… जिना उतरायले… न्हाई, चप्पल राहिली. असू दे… न्हाई, पार्किंगमध्ये न्हाई थांबत, वर स्लॅब हाय तिथं. रस्त्यापलीकडं मोकळा प्लॉट हाय… आले. न्हाई, भिंत न्हाई जवळ. तारबी न्हाई. वर नुसतं आभाळ हाय… खरंच. आता तू जा… हळू. वाकू नको. वैनी, हात धरा तिचा.

…

…वैनी? गेली?… पडली का जराशी? कोणत्या कुशीवर?… बरं. ड्रॉप टाका डोळ्यात. दार लावून घ्या, भुसा येईल.

मी?… न्हाई. वर न्हाई जात… हाव, तिला कुठं दिसणार हाय… न्हाई कळणार, ठावं हाय मला… न्हाई वैनी. मी बाहेर हाय म्हणल्यावर आत गेली ती.

ऊन हाय हो, असू दे. तिची झोप होऊ द्या. उठली की फोन करा… हाव, मग जाते. ठेवा आता.