उशीवरचा क्रॉस

...नाही हो डिट्ससाहेब, घाई कसली, भाषण वाचा की सावकाश, पण आधी केक घ्या. आलुबुखाराचा आहे. उद्या माणूस पुरायचाय आणि आज चार घरचे चार केक आलेत, खाणार कोण? घ्या. उशी ठेवा त्या खुर्चीवर. मखमल अजून चांगली आहे की! तुमच्या माजी सैनिक संघटनेची ही एकच ना? सगळ्यांना हीच — हो, गेल्या वर्षी पोस्टमास्तरांच्या वेळी शवपेटीमागून लोथारच त्यांची मेडलं हिच्यावर लावून चालला होता, मान ताठ, पाय लंगडत. घरी आल्यावर मी म्हटलं, तुझी मेडलं मावायची नाहीत हिच्यावर. तर हसला. नवऱ्याला असं म्हणावं का कुणी? पण म्हटलं खरं.

ही बघा, मेडलांची पेटीच आणून ठेवलीय. क्रमाने लावायची ना? हा पोलंडचा, तेव्हा साधा लेफ्टनंट होता. हा फ्रान्सचा. हा जखमेचा — मांडीतली गोळी, हवा बदलली की रात्रभर कुरकुर, गरम विटा मी द्यायच्या. आणि हा गळ्यातला. हा मूळचा नाही बरं का. मूळच्यावर मधोमध ते हिटलरचं चिन्ह होतं, ते घालायला बंदी आली, मग सत्तावन्न साली कायदा झाला, चिन्ह काढा नि खुशाल घाला. सोनाराकडून नवा करून आणला, चिन्हाच्या जागी ओकची पानं. मी म्हटलं, चला, आता स्वच्छ झाला. दर नोव्हेंबरात, तुमच्या संघटनेच्या जेवणाच्या आदल्या दिवशी, मीच पुसायची. त्याने कधी हात लावला नाही. विनय हो, दुसरं काय? बाहेर कॅप्टन एशबाखर म्हणून सलाम घ्यायचा, घरात क्रॉसचं नाव काढलं की उठून बागेत. आणि युद्धानंतर आयुष्यभर केलं काय? तर रस्तेखात्यात पूल बांधले. मला वाटायचं, किती शोभतं! कारण तो क्रॉसही पुलाचाच ना — रशियातली ती नदी, नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही — शेवटचा माणूस अलीकडे येईपर्यंत ह्याने पूल धरून ठेवला. आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे ती गोष्ट. आमचा फाइटसुद्धा त्याच पुलावरून आला होता, माझा भाऊ. आला बिचारा, नि अलीकडे आल्यावर तोफगोळ्याचा तुकडा लागला. लोथारच्या मांडीवर गेला. बर्चच्या झाडाखाली पुरला त्याला, लोथारने स्वतःच्या हाताने. कैदेतून सुटून आला तो आधी आमच्याच दारात, हे सांगायला. आईने त्याचा हात सोडला नाही संध्याकाळभर. बर्च ना, बर्च ना, असं विचारत राहिली. मग लोथारने मागच्या अंगणात एक बर्च लावला तिच्यासाठी. असल्या माणसाशी लग्न करायला विचार कसला करायचा, सांगा? आता कबरही आमच्याच घरची. दगडावर बाबा, आई, मग फाइट — तो तिथे नाही, नुसतं नाव — त्याच्या खाली लोथार, आणि त्याच्या शेजारी जागा राखलीय माझी. खड्डा झालासुद्धा खणून, सकाळी पाहून आले. बरं, वाचा. तारखा चुकल्या तर सांगते.

छान... हो, एकोणीसशे एकोणचाळीस, बरोबर... हो, फ्रान्स... छान लिहिलंय हो, तुमची मुलगी शिक्षिका आहे ना, तिने—

थांबा. ते परत वाचा.

नाही, त्याच्या आधीपासून. ‘तिसरी कंपनी अद्याप पलीकडच्या काठावर असतानाही’ — हं — ‘मन पोलादासारखं करून त्यांनी वेळीच पूल उडवण्याचा हुकूम दिला आणि रेजिमेंट वाचवली.’ हे कुठून काढलंत? मानपत्रात आहे? त्या क्रॉसच्याच मानपत्रात? डिट्ससाहेब, फाइट तिसऱ्या कंपनीत होता. नाही, चूक नाही, तिसरीच — आईने पार्सलं शिवली त्या पत्त्यावर, लोकरीचे मोजे, सुका मेवा, मला झोपेत विचारा. म्हणजे काही जण आधी आले असतील ना पूल ओलांडून? त्यांतला असेल फाइट. असेल ना? तुम्ही होतात तिथे. सांगा ना, कोण आलं तिसऱ्या कंपनीतलं?

कुणीच नाही.

बरं. कुणीच नाही. मग बर्फावरून? मार्चमध्ये — नाही, बर्फ फुटत होता, हे लोथारच सांगायचा, नदीचा आवाज कसा व्हायचा ते. तो आवाज सांगायचा मला, आणि — त्यांचा आवाज येत होता का? हाका मारत होते? केक ठेवा खाली, डिट्ससाहेब, नि माझ्याकडे बघा. मारत होते.

हुकूम होता, म्हणताय. असेल. रेजिमेंट वाचली, असेल, तुम्ही बसलाय की समोर, वाचलात. मी कुठे नाही म्हणतेय? आणि तुम्ही सगळे तिथे दुसऱ्यांच्या भावांचं काय करत होतात तेही मी कधी विचारलं नाही, तेव्हा मी शहाणपणा शिकवू नये. पण ह्याच टेबलाशी, हो, ह्याच, सुट्टीवर आले होते दोघं, फाइट नि लोथार. आईने त्याचे मोजे रफू केले. फाइट म्हणाला, हा माझा कॅप्टन, हा असेपर्यंत मला काही होत नाही. मला म्हणाला तसं! लोथार मला येऊन खरं सांगता ना — बुर्गी, मी पूल उडवला आणि फाइट पलीकडे होता — मी तोंडावर दार आपटलं असतं. वर्षभर रडले असते, थुंकले असते त्याच्यावर. आणि कोण जाणे, नंतर कधी तरी उघडलंही असतं. पण उघडायचं की नाही ते मी ठरवायचं होतं! त्याने ठरवलं. बर्चचं झाड घेऊन आला. माझी आई मरताना त्या झाडाबद्दल बोलत होती हो. खोट्या झाडाबद्दल.

आणि तुम्ही? दर नोव्हेंबरात माझ्या हातचं बटाट्याचं सॅलड खायचात, आणखी घाला म्हणायचात, आणि एकाच्याही तोंडून — काय? काय म्हणालात?

तुम्हाला वाटलं मला माहीत आहे.

सगळ्यांनाच तसं वाटायचं? म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रांगेने बसून माझ्याकडे बघत होतात आणि मनात म्हणत होतात, काय बाई आहे, भाऊ ज्याच्या हुकमाने गेला त्याच्या गळ्यातला क्रॉस पुसते! वर सॅलड वाढते! आणि कौतुकही वाटत असेल, नाही? मोठ्या मनाची एशबाखरबाई! रविवारी चर्चमधून बाहेर पडताना टोपी काढायचात मला, ती ह्यासाठी? त्याने मला फसवलं ते एक. पण गावभर मला अशी बाई करून ठेवली, आणि मला पत्ताच नाही. मी अंगणात बसून भाज्या निवडायची त्या बर्चखाली. फाइटशी बोलायचीसुद्धा. लोथार खिडकीतून बघायचा. बघून आत जायचा.

नाही, पाणी नको. बसा — नाही, बसू नका, उठाच. मी रागात बोलत नाहीये, नीट ऐका, कारण हे तुम्हालाच करायचंय. इथून उठून आधी फादरकडे जा. म्हणावं, फाइटच्या नावाखाली हा माणूस झोपणार नाही. कुठे म्हणजे? तुमची आहे की सैनिकांच्या कबरींची रांग, भिंतीकडेला, तिथे न्या. तुमचाच होता तो. लोक काय म्हणतील? लोक इतकी वर्षं म्हणतच होते, मला आजच कळलं. पेटी घ्या, अख्खी घ्या, क्रॉससकट, उशीवर लावा छान क्रमाने. भाषणही वाचा, ते वाक्य गाळू नका, खड्या आवाजात वाचा, तुतारीआधी.

मी नाही येणार. मी आमच्या कबरीशी असेन. तो रिकामा खड्डा बुजवतील ना उद्या, तेव्हा घरचं कुणी तरी उभं हवं. फाइटवर माती पडली असेल तेव्हा, पडली असेल तर, आमच्यातलं कुणी नव्हतं.

टोपी राहिली तुमची. घ्या. आणि दार ओढून घ्या जाताना.